लॉजिक अ‍ॅनालायझर, यूडेव्ह आणि यूएसबीची परवानगी : सुडो न देता पल्सव्ह्यू कसे चालवावे?

खडूफळा

नमस्कार. मी एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेची व्यवस्था पाहतो. आमच्या संगणकांवर उबंटू २२.०४ आहे. लॉजिक अ‍ॅनालायझर (सर्किटमधले डिजिटल सिग्नल टिपून पडद्यावर दाखवणारे साधन) म्हणून आठ चॅनेलचे, वरती '२४ मेगाहर्ट्‌झ' असे छापलेले स्वस्त उपकरण वापरतो, ज्याच्या आत सायप्रेसची सीवाय७सी६८०१३ए ही चिप असते. सॉफ्टवेअर सिग्रोक प्रकल्पाचे पल्सव्ह्यू असून ते अ‍ॅपइमेजच्या (न बसवता थेट चालणाऱ्या एकाच फाइलीच्या) स्वरूपात ठेवलेले आहे.

विद्यार्थ्याच्या लॉगिनमधून पल्सव्ह्यू उघडले की अ‍ॅनालायझर यादीत येतच नाही आणि टर्मिनलवर 'लिबयूएसबी एरर अ‍ॅक्सेस' असा संदेश दिसतो. तेच सॉफ्टवेअर सुडो लावून, म्हणजे रूट या मुख्य प्रशासकाच्या अधिकाराने उघडले की आयटूसीचे (चिपांमधल्या दोन तारांच्या संवादाचे) सिग्नल नीट उमटतात. त्यामुळे विभागातून दोन सूचना आल्या आहेत. विद्यार्थ्यांना सुडोचा पासवर्ड द्यावा, ही पहिली. आणि यूएसबीच्या सर्व उपकरणांना सरसकट ०६६६ परवानगी (कोणालाही वाचता-लिहिता येईल अशी) द्यावी, ही दुसरी. पहिली सूचना मला अजिबात मान्य नाही. एक उपकरण वाचण्यासाठी सबंध संगणकाचा अधिकार देणे म्हणजे एका खोलीची किल्ली मागणाऱ्याच्या हाती अख्ख्या वाड्याचा जुडगा ठेवणे आहे. दुसरीबद्दलही मन साशंक आहे. योग्य पद्धत कोणती, आणि ती तशी का आहे, हे जाणकारांनी सांगावे. विद्यार्थ्यांना नुसती कृती न देता कारणही सांगता यावे, अशी माझी इच्छा आहे.

काही विद्यार्थी स्वतःचा विंडोज लॅपटॉप आणतात. त्याबद्दलही कोणी लिहिले तर बरे होईल.

कोकणकडा

पासवर्ड देऊ नका, यावर दुमत नसावे. आता दोन गोष्टी तपासून इथे लिहा. उपकरण जोडल्यावर एलएसयूएसबी या कमांडमध्ये त्याचा क्रमांक काय दिसतो? आणि ईटीसीखालच्या यूडेव्हच्या (जोडलेली उपकरणे ओळखून त्यांची परवानगी ठरवणाऱ्या लिनक्सच्या सेवेच्या) रूल्स-डी फोल्डरमध्ये आधीपासून कोणी एखादी फाइल ठेवली आहे का?

पल्सव्ह्यू अ‍ॅपइमेज म्हणून घेतले तर फर्मवेअर (उपकरणाच्या आत चालणारा प्रोग्राम) त्याच्यासोबत येते, पण यूडेव्हचे नियम येत नाहीत, कारण अ‍ॅपइमेज सिस्टिमच्या फोल्डरांना हात लावत नाही. नियम आपणच ठेवावे लागतात. हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही आणि मग दोष उपकरणाला दिला जातो.

लघुलहरी

खडूफळा यांनी कारण विचारले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

लिनक्समध्ये जोडलेले प्रत्येक यूएसबी उपकरण डेव्हच्या बस-यूएसबी फोल्डरमध्ये एक फाइल म्हणून दिसते. नेहमीच्या व्यवस्थेत या फाइलीचा मालक रूट असतो आणि तिची परवानगी ०६६४ असते, म्हणजे इतरांना ती वाचता येते पण तीत लिहिता येत नाही. त्यामुळेच एलएसयूएसबी कमांड सामान्य लॉगिनमधूनही उपकरणाचे नाव दाखवते, आणि 'उपकरण तर दिसते आहे, मग चालत का नाही' असा प्रश्न पडतो. उपकरणाशी संवाद साधायचा तर लिबयूएसबीला (यूएसबीशी बोलणाऱ्या लायब्ररीला) ती फाइल वाचण्यासाठी आणि लिहिण्यासाठी, अशा दोन्ही अर्थांनी उघडावी लागते. लिहिण्याची परवानगी नसली की अ‍ॅक्सेसचा एरर येतो. अडचण पल्सव्ह्यूची नसून या एका फाइलीची आहे. म्हणून अधिकारही त्या फाइलीपुरताच द्यायचा, सॉफ्टवेअरला रूट करायचे नाही.

या विशिष्ट उपकरणाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. या चिपमध्ये फर्मवेअर कायमचे साठवलेले नसते. जोडल्याबरोबर उपकरण छोट्या ईप्रॉममधला क्रमांक सांगते, आणि तो या स्वस्त उपकरणांत बहुधा ०९२५:३८८१ असतो. पल्सव्ह्यू हा क्रमांक ओळखून 'एफएक्सटूलॅफडब्ल्यू' हे मुक्त फर्मवेअर चिपच्या रॅममध्ये चढवते. त्यानंतर उपकरण बसवरून स्वतःला काढून घेते आणि त्याच क्रमांकाने, पण फर्मवेअरच्या नव्या नावाने पुन्हा हजर होते. कर्नलच्या दृष्टीने पहिले उपकरण निघून गेले आणि दुसरे आले. दुसऱ्यासाठी नवी फाइल तयार होते आणि तिची परवानगी पुन्हा पहिल्यापासून ठरते. ज्यांनी पहिल्या फाइलीला हाताने परवानगी दिली आहे त्यांचे फर्मवेअर चढते, पण पुढचे पाऊल अडते. परवानगी दोन्ही वेळा नियमातूनच मिळाली पाहिजे.

ईप्रॉम नसलेल्या साध्या बोर्डवर क्रमांक ०४बी४:८६१३ असा सायप्रेसचा मूळ क्रमांक असतो. सिग्रोकच्या लिबसिग्रोक या लायब्ररीसोबत '६०-लिबसिग्रोक' नावाची नियमांची फाइल मिळते, तिच्यात हे सगळे क्रमांक आधीच नोंदलेले आहेत. हाताने नियम लिहिण्यापेक्षा तीच वापरावी.

निशिगंध

लघुलहरी यांचे स्पष्टीकरण उत्तम आहे, पण ०६६६ ला इतके घाबरण्याचे कारण मला दिसत नाही. सर्व यूएसबी उपकरणांना ती देऊ नये, हे मान्य. मात्र केवळ अ‍ॅनालायझरच्या या दोन-तीन क्रमांकांना दिली तर बिघडते काय? अनेक उत्पादक आपल्या अधिकृत नियमांतही हेच लिहितात. प्रयोगशाळेत रोज नवीन विद्यार्थी येतात, त्यांची नावे ग्रुपमध्ये घालत बसणे व्यवहार्य नाही.

घाटमाथा

निशिगंध, आपला व्यवहाराचा मुद्दा रास्त आहे, पण त्यासाठी ०६६६ वर जाण्याची गरज उरलेली नाही. सिस्टिमडी (संगणकावरच्या सेवा सांभाळणारी व्यवस्था) असलेल्या आजच्या लिनक्समध्ये 'यूअ‍ॅक्सेस' नावाचा टॅग आहे. नियमात हा टॅग लावला की त्या क्षणी संगणकासमोर बसून लॉगिन केलेल्या व्यक्तीलाच उपकरणाचा अधिकार मिळतो आणि ती लॉगआउट झाली की तो काढून घेतला जातो. कोणाचेही नाव कुठल्याही ग्रुपमध्ये घालावे लागत नाही. खडूफळा यांच्या प्रयोगशाळेला हे अगदी चपखल बसते.

०६६६ मध्ये मात्र त्या संगणकावर चालणाऱ्या कोणत्याही प्रोग्रामला, अगदी दूरवरून एसएसएचने आलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्यालाही, तुमच्या समोरचे उपकरण ताब्यात घेता येते. एकाचे कॅप्चर चालू असताना दुसऱ्याने स्कॅन केले तर पहिल्याचा प्रयोग बिघडू शकतो. सुरक्षेचा विचार क्षणभर बाजूला ठेवला, तरी शिकवण्याच्या दृष्टीने ही अडचण लहान नाही.

यूअ‍ॅक्सेसची एक मर्यादाही सांगून ठेवतो. एसएसएचने आलेली व्यक्ती 'समोर बसलेली' धरली जात नाही, म्हणून तिला हा अधिकार मिळत नाही. संगणक एका खोलीत आणि वापरणारा दुसरीकडे असेल तर ग्रुपचीच पद्धत घ्यावी लागते. सिग्रोकच्या नियमांमध्ये याची सोय आहे. ६० क्रमांकाची फाइल फक्त उपकरणे ओळखून त्यांच्यावर खूण करते आणि ६१ क्रमांकाच्या दोन फाइलींपैकी एक प्लगडेव्ह या वापरकर्त्यांच्या ग्रुपला ०६६० परवानगी देते, तर दुसरी यूअ‍ॅक्सेसचा टॅग लावते. गरजेनुसार त्यांतली निवडायची.

निशिगंध

समोर बसलेल्यांपुरता यूअ‍ॅक्सेसचा पर्याय पटला. एसएसएचवरून चालणाऱ्या यंत्रांसाठी प्लगडेव्ह ठेवावा, हेही मान्य. फेडोरा वापरणाऱ्यांनी मात्र हे लक्षात ठेवावे की तिथे प्लगडेव्ह नावाचा ग्रुप मुळात नसतो, त्यामुळे इंटरनेटवरून उचललेला नियम यूडेव्ह लॉगमध्ये तक्रार नोंदवून सोडून देतो आणि परवानगी मिळत नाही.

कोकणकडा

ग्रुपमध्ये नाव घालताना यूजरमॉड कमांडमध्ये कॅपिटल 'जी'च्या जोडीला लहान 'ए' हे अक्षर विसरू नका. ते नसेल तर त्या व्यक्तीचे नाव नव्या ग्रुपमध्ये जाते खरे, पण बाकीच्या सर्व जादा ग्रुपांमधून निघते, त्यात सुडोही आला. आणि ग्रुपमधला बदल पुन्हा लॉगिन केल्यावरच लागू होतो, नुसते टर्मिनल बंद करून उघडणे पुरत नाही.

अबोली

एक सूचना शिक्षकांसाठी, कारण हा प्रकार मी वर्गात पाहिला आहे. उपकरण सापडले नाही की पल्सव्ह्यू बंद पडत नाही, ते 'डेमो डिव्हाइस' निवडून उघडते. विद्यार्थी रन दाबतो, आठही चॅनेलवर हलणाऱ्या लहरी दिसतात आणि आपल्या सर्किटचेच सिग्नल आले असे त्याला वाटते. त्या डेमोच्या एका नमुन्यात तर आठ चॅनेल मिळून 'सिग्रोक' हा शब्दच रोमन अक्षरांत उमटतो, जो थोडे झूम आउट केल्यावर स्पष्ट वाचता येतो. एका विद्यार्थिनीने त्याच लहरींवर आयटूसीचा डिकोडर लावला होता आणि पत्ता का सापडत नाही म्हणून ती सेन्सरची जोडणी पुन्हा पुन्हा तपासत होती. प्रयोग सुरू करण्याआधी वरच्या पट्टीत कोणत्या उपकरणाचे नाव आहे ते वाचण्याची सवय लावावी, ही कळकळीची विनंती.

खडूफळा

सर्वांचे मनापासून आभार. अबोली यांनी सांगितलेला प्रकार आमच्याकडेही घडत असणार, ते उद्याच प्रयोगाच्या कागदावर लिहितो.

कोकणकडा यांनी विचारलेली माहिती देतो. एलएसयूएसबीमध्ये ०९२५:३८८१ दिसतो. रूल्स-डी फोल्डरमध्ये ९९ क्रमांकाने सुरू होणारी एक फाइल आहे. तिच्यात हा क्रमांक असून त्याला यूअ‍ॅक्सेसचाच टॅग लावलेला आहे. म्हणजे घाटमाथा म्हणतात तो उपाय आधीपासून आहे, तरी चालत नाही. आणखी एक विचित्र गोष्ट अशी, की लॉगिन करण्याच्या आधीपासून उपकरण जोडलेले असेल तर ते यादीत येते, पण निवडायला गेले की उघडत नाही.

घाटमाथा

आपण दिलेल्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे.

यूडेव्ह नियमांच्या फाइली नावाच्या क्रमाने वाचतो. यूअ‍ॅक्सेसचा टॅग पाहून प्रत्यक्ष अधिकार देण्याचे काम '७३-सीट-लेट' या फाइलीतून होते. तुमचा टॅग ९९ क्रमांकाच्या फाइलीत लागतो, म्हणजे ७३ वाचून झाल्यावर. टॅग उपकरणावर नोंदला जातो, चौकशी केली तर दिसतोही, पण अधिकार देण्याची वेळ तोवर टळलेली असते. तुम्ही लॉगिन करता तेव्हा लॉगिन्डी (लॉगिन सांभाळणारा सिस्टिमडीचा प्रोग्राम) आधीपासून जोडलेली आणि टॅग असलेली उपकरणे शोधून त्यांचे अधिकार तुम्हाला देतो, म्हणून आधी जोडलेले उपकरण यादीत येते. मग लघुलहरी यांनी सांगितल्याप्रमाणे फर्मवेअर चढते, उपकरण नव्याने परत येते, आणि हे नवे उपकरण लॉगिननंतर आलेले असल्यामुळे त्याला अधिकार मिळत नाही. निवडताना ते उघडत नाही त्याचे कारण हेच.

ती ९९ ची फाइल काढून सिग्रोकच्या ६० आणि ६१ या फाइली ठेवा. नंतर यूडेव्हअ‍ॅडम कंट्रोल या कमांडने नियम पुन्हा वाचायला सांगा आणि उपकरण काढून परत जोडा. तपासण्यासाठी बस-यूएसबी फोल्डरमधल्या त्या फाइलीवर एलएस-एल करा. परवानगीच्या अक्षरांच्या शेवटी अधिकचे '+' चिन्ह दिसले तर जादा अधिकार नोंदलेला आहे, आणि गेटफॅकल कमांड लावली की त्यात विद्यार्थ्याच्या लॉगिनचे नाव दिसेल.

लघुलहरी

घाटमाथा यांच्या निदानाशी पूर्ण सहमत. तपासताना एक पथ्य पाळा. मध्येच कधी सुडो लावून पल्सव्ह्यू उघडले असेल तर फर्मवेअर आधीच चढलेले असते आणि केबल काढेपर्यंत ते रॅममध्ये टिकते. मग पुढची चाचणी पहिल्या टप्प्याची होतच नाही.  प्रत्येक चाचणीपूर्वी केबल काढून पुन्हा जोडावी.

सांजवात

विंडोजबद्दल मी लिहिते. तिथे परवानगीचा प्रश्न नसून ड्रायव्हरचा आहे. लिबयूएसबीवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला उपकरणापर्यंत पोहोचण्यासाठी विनयूएसबी हा ड्रायव्हर लागतो आणि तो झेडिग या छोट्या प्रोग्रामने बसवता येतो. पल्सव्ह्यूच्या विंडोज इन्स्टॉलरसोबत झेडिग मिळतो.

लघुलहरी यांनी सांगितलेली, उपकरण निघून पुन्हा हजर होण्याची गोष्ट इथेही आडवी येऊ शकते. म्हणून ड्रायव्हर दोन टप्प्यांत तपासावा. पहिल्यांदा ०९२५:३८८१ साठी बसवायचा, मग पल्सव्ह्यू उघडून उपकरण शोधायला सांगायचे, ज्यामुळे फर्मवेअर चढते, आणि तरी उपकरण उघडले नाही तर पुन्हा झेडिग उघडून ड्रायव्हर बसवायचा. दुसरी पायरी वगळल्यामुळे अडलेले विद्यार्थी मला सर्वांत जास्त भेटतात.

झेडिगमध्ये सर्व उपकरणांची यादी दाखवण्याचा पर्याय निवडला तर कीबोर्ड, माउस आणि वेबकॅमही तिथे येतात. चुकीची ओळ निवडून रिप्लेस दाबले तर कीबोर्डचा ड्रायव्हर जाऊन त्याच्या जागी विनयूएसबी बसतो आणि कीबोर्ड बंद पडतो. बटण दाबण्यापूर्वी क्रमांक मोठ्याने वाचून घ्यावा, इतके मी आग्रहाने सांगते.

निशिगंध

व्हर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्स चालवणाऱ्यांनाही हीच गोष्ट त्रास देते. यूएसबीच्या फिल्टरमध्ये उपकरणाचे पहिले नावही नोंदलेले असेल तर फर्मवेअर चढताच उपकरण व्हर्च्युअल मशीनमधून निसटून मूळ संगणकाकडे परत जाते. फिल्टरमध्ये फक्त क्रमांक ठेवावा. मूळ संगणक लिनक्सचा असेल तर वापरणाऱ्याचे नाव व्हीबॉक्सयूजर्स ग्रुपमध्येही लागते.

कोकणकडा

थोडे बाजूचे, पण विषयाला धरून. उबंटू २२.०४ वर लिबफ्यूज२ आपोआप येत नाही आणि ते नसेल तर अ‍ॅपइमेज उघडतच नाही. खडूफळा यांच्याकडे ते बसवलेले असणार. २४.०४ वर गेलात तर त्या पॅकेजचे नाव लिबफ्यूज२टी६४ आहे.

शिवाय सगळेच अ‍ॅनालायझर लिबयूएसबीने बोलत नाहीत. जे सिरीअल पोर्ट म्हणून दिसतात, म्हणजे ज्यांची फाइल टीटीवायएसीएम किंवा टीटीवाययूएसबी या नावाने येते, त्यांच्यासाठी डेबियन आणि उबंटूमध्ये डायलआउट ग्रुप लागतो, तर आर्चमध्ये यूयूसीपी. उबंटू २२.०४ वर सीएच३४० चिप असलेला बोर्ड जोडल्याबरोबर पोर्ट दिसून लगेच नाहीसा होत असेल तर डीमेसेजमध्ये बीआरएलटीटीवाय हे नाव शोधा. ब्रेल डिस्प्लेसाठी असलेली ही सेवा त्या चिपचा क्रमांक आपला समजून उपकरण ताब्यात घेते.

अबोली

बीआरएलटीटीवाय सरळ काढून टाका, असा सल्ला सगळीकडे मिळतो. दृष्टिहीन विद्यार्थी जो संगणक वापरतात त्यावर कृपया तसे करू नका. त्या एका क्रमांकाची ओळ नियमातून वगळली की काम होते.

लघुलहरी

अबोली यांनी हे लिहिले ते फार चांगले झाले.

परवानगीचा प्रश्न सुटल्यावर पुढची तक्रार येईल ती अशी, की २४ मेगाहर्ट्‌झवर कॅप्चर मध्येच थांबते. या चिपमध्ये मोठी मेमरी नाही. आठ चॅनेल म्हणजे प्रत्येक सॅम्पलला एक बाइट, म्हणून २४ मेगाहर्ट्‌झला सेकंदाला २४ मेगाबाइट सतत संगणकाकडे जावे लागतात आणि मधे खंड पडला तर साठवायला जागा नसते. म्हणून अ‍ॅनालायझर हबवर वेबकॅम किंवा पेन ड्राइव्हच्या शेजारी न लावता थेट संगणकाच्या पोर्टला लावावा. आणि गरज नसताना वेग वाढवू नये. १०० किलोहर्ट्‌झच्या आयटूसीला १ किंवा २ मेगाहर्ट्‌झ भरपूर होतात. साधारणपणे सिग्नलच्या क्लॉकच्या चौपट तरी सॅम्पल रेट असावा.

ग्राउंडची तार सर्वांत आधी जोडायची. यूएसबीमधून अ‍ॅनालायझरचे ग्राउंड डेस्कटॉपच्या अर्थिंगला मिळालेले असते, म्हणून घरगुती विजेशी थेट जोडलेल्या, आयसोलेशन नसलेल्या सर्किटला हे प्रोब कधीही लावू देऊ नका. इथे संगणकाच्या परवानगीपेक्षा शिक्षकाची परवानगी महत्त्वाची आहे.

खडूफळा

आज प्रयोगशाळेत बदल करून पाहिला. ९९ ची फाइल काढली, ६० आणि यूअ‍ॅक्सेसची ६१ ठेवली, नियम पुन्हा वाचायला लावले, केबल काढून जोडली. विद्यार्थ्याच्या लॉगिनमधून पल्सव्ह्यूने उपकरण शोधले, फर्मवेअर चढवले आणि निवडल्याबरोबर ते उघडलेही. एलएस-एलमध्ये '+' दिसले आणि गेटफॅकलमध्ये विद्यार्थ्याच्या लॉगिनचे नाव होते. तो विद्यार्थी लॉगआउट होऊन दुसऱ्याने लॉगिन केल्यावर त्या जागी दुसऱ्याचे नाव आले. हे मुलांना प्रत्यक्ष दाखवता आले, याचे मला विशेष समाधान वाटते. सुडोच्या पासवर्डची सूचना विभागाने मागे घेतली आहे.

एसएसएचने वापरल्या जाणाऱ्या एका संगणकावर मात्र प्लगडेव्हची ६१ ठेवली असून नावे मोजक्याच विद्यार्थ्यांची घातली आहेत.

एक शंका उरली आहे. पुढच्या सत्रात सोळा चॅनेलची काही उपकरणे येणार आहेत, त्यांच्या आतही हीच चिप आहे. त्यांच्यासाठी नियमात भर घालावी लागेल का?

घाटमाथा

नाही. सोळा चॅनेलच्या उपकरणांसाठीचा १डी५०:६०८डी हा सिग्रोकचा क्रमांकही त्याच ६० च्या फाइलीत आहे.

लघुलहरी

फक्त वेगाची अपेक्षा जुळवून घ्या. आठापेक्षा जास्त चॅनेल सुरू केले की प्रत्येक सॅम्पलला दोन बाइट लागतात, त्यामुळे कमाल वेग १२ मेगाहर्ट्‌झवर येतो. जे चॅनेल वापरात नाहीत ते पल्सव्ह्यूमध्ये बंद ठेवायला सांगा, म्हणजे फक्त पहिल्या आठांतलेच चालू असताना पुन्हा २४ मिळतील.